फुकटच्या ऑडॅसिटीचे माझ्याकडून ४९.९७ डॉलर घेतले

आधी सगळ्यांनी हे वाचा: ऑडॅसिटी, म्हणजे गाणी-आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, २००० साली आली तेव्हापासून फुकटच आहे, तिचं ‘प्रो व्हर्जन’ कुणी विकत असेल तर तो चोर आहे.

काम एवढंसंच होतं, मुलीच्या डान्ससाठी गाण्यातलं मधलं कडवं उडवायचं, शेवटाला फेड आउट द्यायचा आणि एमपीथ्री काढायची. सर्च केलं, सगळ्यात वरची लिंक उघडली, तोच निळा हेडफोन, तसंच पान, कुणालाही खरंच वाटलं असतं. लिंकवर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ होतं म्हणे, घाईत कोण बघतं ते? इन्स्टॉल करताना खिडकी आली, ‘एमपीथ्री एक्सपोर्ट पॅक, २९.९९ डॉलर, फक्त एकदाच’, आणि खाली कार्ड नंबरची चौकट. तिथेच, अगदी तिथेच हात थांबायला हवा होता, फुकटच्या सॉफ्टवेअरला कार्ड कशाला लागतं! पण मी जुनी ऑडॅसिटी वापरलेली आहे, तेव्हा पेटंटच्या भानगडीमुळे एमपीथ्रीसाठी लेम नावाची फाइल खरोखर वेगळी उतरवावी लागायची, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. ती पेटंट २०१७ मध्ये संपली आणि २०१९ च्या २.३.२ पासून लेम आतच येतं, हे मला पैसे गेल्यावर कळलं. या लोकांना ते पक्कं ठाऊक आहे, जुन्या माणसाला बरोबर त्याच जागी धरतात.

आलं काय, तर साधी ऑडॅसिटी. हेल्पमध्ये जाऊन अबाउट उघडलं तर आत जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे सॉफ्टवेअर कुणालाही वापरायला, वाटायला मोकळं ठेवणारा परवाना. वर पुढच्या महिन्यात ९.९९ डॉलर कापले, त्याच्या पुढच्या महिन्यात परत ९.९९.

बँक म्हणते, नंबर तुम्हीच टाकलात म्हणजे तुमची संमती आहे. सायबरवाले म्हणतात साइट बाहेरची आहे, रक्कमही लहान आहे, अर्ज ठेवून जा. लहान? माझ्यासारख्या किती जणांकडून अशी लहान लहान रक्कम ओढली असेल ते मोजणार कोण? एका साहेबांनी तर मलाच शिकवलं की या लायसन्समध्ये पैसे घेऊन विकायला परवानगी असते. असते ना, मी कुठे नाही म्हणतोय, पण ‘एकदाच’ म्हणून दर महिन्याला कापायची परवानगी कुठल्या लायसन्समध्ये लिहिलीय ते दाखवा! जाहिरात दाखवणाऱ्यांकडे तक्रार केली तर ठरावीक छापाचा मेल आला, बस.

पत्ता स्वतः टाइप करा, ऑडॅसिटीटीम डॉट ऑर्ग, सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक करूच नका. एम४ए प्रकारची गाण्याची फाइल उघडायला एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, तेही फुकटच आहे, त्याच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर खिडकी बंद करा. आणि कुणी आधीच पैसे भरले असतील तर त्या साइटला मेल करत बसू नका, आधी कार्ड ब्लॉक करा आणि बँकेत लेखी डिस्प्यूट, म्हणजे ‘हा व्यवहार मला मान्य नाही’ अशी तक्रार टाका, त्यात ‘एकदाच’ लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा. माझ्याकडे तो नव्हता आणि बँकेने पहिल्यांदा नेमका तोच मागितला.