जेकार्डच्या डिझाइनसाठी गिंप : काही महिन्यांच्या वापरानंतर

जेकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणणारी यंत्रणा. तिच्यासाठी सोलापुरात चादरीचं डिझाइन करणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, डोंगल (कॉम्प्युटरला लावायची परवान्याची किल्ली) लावलेलं टेक्सटाइल कॅड, म्हणजे विणकामाच्या डिझाइनचं विकतचं सॉफ्टवेअर, नसेल तर या कामात पडूच नका. दुसरा म्हणतो, गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट असताना पैसे कशाला घालवायचे. तिसरा तट क्रॅक केलेल्या फोटोशॉपवाल्यांचा. तो या वादात स्वतःला धरतच नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मात्र त्यांना धरतो. कलम ६३बी प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. ‘फुकटच हवं असेल तर फोटोशॉप काय वाईट’ हा युक्तिवाद म्हणून इथे सोडून देतो.

वापर असा : लिनक्स मिंटवर गिंप २.१०, साधा ८ जीबी रॅमचा कॉम्प्युटर, यंत्रमागावरच्या चादरी आणि टॉवेलच्या बॉर्डर, कार्ड पंचिंग (डिझाइनप्रमाणे जेकार्डच्या कार्डांना भोकं पाडणं) बाहेरून. ग्राफ, म्हणजे धाग्या-धाग्याचा चौकटीतला नकाशा, तयार होईपर्यंत गिंप पुरतं. त्यापुढे अडतं, आणि नेमकं कुठे अडतं तेच या वादात कुणी सांगत नाही.

सुरुवात हिशोबाने करा. समजा ४८० हूक (ताणे उचलणारे आकडे), इंचाला ४० ताणे (उभे धागे), ३० पिकं (आडव्या धाग्याच्या फेऱ्या). रिपीट, म्हणजे परत परत येणारा नमुना, १२ इंच रुंद, म्हणजे ६० इंची चादरीत पाच बसतात. उंची १५ इंच धरली तर ४५० पिकं होतात, पण साटीन वीण ८ धाग्यांची, आणि ४५० ला ८ ने भाग जात नाही. रिपीट जिथे जुळतो तिथे आडवी रेघ उठते. म्हणून ४४८ घ्या. सहा रिपीटमध्ये जवळजवळ ९० इंच होतात. नवी फाइल ४८० बाय ४४८ पिक्सेलची. मग इमेज → प्रिंट साइझमध्ये साखळीची खूण तोडून एक्सला ४०, वायला ३० टाका आणि व्ह्यूमधलं ‘डॉट फॉर डॉट’ बंद करा. आता पडद्यावर गोल दिसतो तो कापडावरही गोलच येतो. ही एक पायरी न केल्यामुळे मोर लंबुळके झालेल्या चादरी बाजारात कमी नाहीत.

चित्र काढताना ब्रश नको, पेन्सिलच. ब्रशची कड मऊ असते आणि ती मऊ कड पुढे नको त्या रंगांचे ठिपके बनते. लहान-मोठं करताना इंटरपोलेशन ‘नन’. नमुना व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आला असेल तर जेपेगचा कचरा सोबत येतोच. आरजीबीत असतानाच त्रिज्या १ चा मीडियन ब्लर देऊन मग मोड → इंडेक्स्ड (मोजक्या रंगांचं चित्र), रंग लागतील तेवढेच, डिदरिंग (ठिपक्यांनी रंग मिसळणं) ‘नन’. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून टाका’ एवढं सांगितलं तर अर्धी मेहनत वाचते.

विणकाम भरायला परत आरजीबीत या. ८ बाय ८ चा साटीन काळ्या-पांढऱ्यात काढून कॉपी करा, ‘पेस्ट ॲज → न्यू पॅटर्न’ने साठवा. सिलेक्ट बाय कलर घ्या : थ्रेशोल्ड ०, अँटीअलायझिंग आणि फेदर बंद. मग ‘फिल विथ पॅटर्न’. सगळे रंग एकाच लेयरवर भरा, नाहीतर विणीची सुरुवात सरकते. दोन बाण्यांचं (आडव्या धाग्यांचं) काम असेल तर आधी उंची दुप्पट करा आणि ८ बाय १६ चा पॅटर्न वापरा, विषम ओळी एका बाण्याच्या, सम दुसऱ्याच्या. ४४८ च्या जागी ८९६ कार्डं होतात. शेवटी १-बिट काळं-पांढरं करून बीएमपी. काळं म्हणजे ताणा वर, की उलट, हे पंचिंगवाल्याला आधी विचारा. उलट निघालं तर कापडाची पाठ तोंडावर येते. कलर्स → इन्व्हर्टने दुरुस्ती होते, पण कार्डं पडायच्या आधी.

अक्षरांत गिंप अडत नाही. लग्नाच्या किंवा संस्थेच्या नावाच्या टॉवेलवर इथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगूही लागतं. गिंपमध्ये जोडाक्षरं आपोआप नीट बसतात. जुन्या फोटोशॉपमध्ये त्यासाठी टेक्स्ट इंजिनची सेटिंग बदलावी लागायची. टेक्स्टचं अँटीअलायझिंग काढा आणि शिरोरेषा किमान ३ पिकांची ठेवा. एका पिकाची रेषा कापडात दिसतच नाही.

आता उणं. लांब लोंबता धागा, म्हणजे फ्लोट, कॅड स्वतः शोधून दाखवतं. गिंपमध्ये डोळ्यांनी शोधायचा. ८९६ ओळींवर ते अशक्यच. पायथन-फूची (गिंपमधल्या पायथनची) लहान स्क्रिप्ट लिहिली तर जमतं. पण गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा प्लगइनची रचना बदलली, म्हणून २.१० साठीच्या स्क्रिप्ट त्यावर जशाच्या तशा चालत नाहीत. आणि अडलं तर फोन करायलाही कुणी नाही. कॅडवाल्यांचा सर्व्हिसचा मुद्दा इथे खराच आहे.

दुसरं, इलेक्ट्रॉनिक जेकार्ड, म्हणजे कार्डांऐवजी फाइलवर चालणारं. स्टॉब्ली कंपनीच्या जेकार्डला जेसी५ फाइल लागते, बोनासच्या जेकार्डला ईपी. गिंप यांपैकी काही लिहीत नाही, त्यामुळे शेवटच्या टप्प्याला कॅड लागतंच. बंदिस्त सॉफ्टवेअर म्हणजे विंडोजच, हा समजही चुकीचा : स्लोव्हेनियाचं अराहवीव्ह मालकी सॉफ्टवेअर आहे आणि वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतं.

म्हणून मूळ प्रत कॅडच्या फाइलमध्ये ठेवू नका. डोंगल गेलं की डिझाइनही अडकतं. एक्ससीएफ (गिंपची स्वतःची फाइल) आणि पीएनजी स्वतःजवळ, जेसी५ फक्त मागापुरती. कॅडवाल्याकडून जॉबवर्क करून घेत असाल तर पैसे देतानाच बीएमपीही मागून घ्या. नंतर मागितली तर वेगळा दर लागतो.