वानगी खरी, माल खोटा: आठ गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरचे स्पीडलोडर घेताना मी कसा फसलो

गेल्या आठवड्यात डॅलसहून एका मराठी मुलाचा फोन आला. नेमबाजीच्या स्पर्धांत नुकताच रिव्हॉल्व्हर डिव्हिजनमध्ये खेळायला लागलाय. "दादा, आठ गोळ्यांचे स्पीडलोडर मिळतायत, बाराचा सेट आहे, घेऊ का?" (स्पीडलोडर म्हणजे सगळी काडतुसं एकदम रिव्हॉल्व्हरमध्ये भरायचं साधन.) त्याने फोटो पाठवला आणि माझ्या पोटात गोळाच आला. तेच करड्या रंगाचे लोडर, तेच लाकडी टेबल, खाली अंथरलेला तोच निळा रुमाल. दोन वर्षांपूर्वी याच फोटोवर विश्वास ठेवून मी ३९० डॉलर घालवले. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे सगळ्यांसाठी लिहितोय.

मी ओहायोत राहतो आणि यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या मॅच खेळतो. माझं रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं ६२७, .३५७ मॅग्नम, आठ घरांचं, म्हणजे फिरत्या सिलिंडरमध्ये आठ काडतुसं मावणारं. यूएसपीएसएने २०१४ पासून मायनर पॉवर फॅक्टरला, म्हणजे कमी जोराच्या काडतुसांना, आठ गोळ्यांची मुभा दिली आणि सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हरं मागे पडत गेली. त्याचं कारण स्टेजच्या, म्हणजे मॅचमधल्या एकेका टप्प्याच्या, रचनेत आहे. कुठल्याही एका जागेवरून आठपेक्षा जास्त नेम मारावे लागतील अशी स्टेज आखता येत नाही, आणि मोठ्यात मोठी स्टेज ३२ फैरींची असते. त्यामुळे आठ गोळ्यांवाला एका जागचं काम एका भरणीत उरकतो आणि पुढच्या जागी धावता धावता पुन्हा भरतो. पण ते भरणं साधलं पाहिजे. गुण भागिले वेळ असा हिशोब असल्यामुळे खाली पडलेलं एक काडतूस सगळी स्टेज खाऊन टाकतं. रिव्हॉल्व्हरचा नामांकित नेमबाज जेरी मिक्युलेक याने १९९९ मध्ये सहा फैरी, भरणी आणि पुन्हा सहा फैरी हे सगळं २.९९ सेकंदांत केलं होतं. माझी नुसती भरणी चांगल्या दिवशी चार सेकंदांची.

६२७ला मून क्लिपही चालते. पातळ पोलादी चकतीत आठ काडतुसं अडकवायची आणि चकतीसकट आत टाकायची. बहुतेक जण तेच वापरतात. माझ्या क्लिप मात्र पिशवीत वाकायच्या. जराशी वाकलेली क्लिप असली की सिलिंडर अडखळतो, ट्रिगर जड लागतो. शिवाय प्रत्येक कंपनीच्या काडतुसाच्या कवचाची खाच वेगळी, त्यामुळे एका कवचाला घट्ट बसणारी क्लिप दुसऱ्याला ढिली. भरायला एक हत्यार, रिकामी करायला दुसरं. कंटाळून मी स्पीडलोडरकडे वळलो.

इथेच विक्रेत्याला वाव मिळतो. सहा गोळ्यांसाठी बाजारात हवे तेवढे लोडर आहेत. एचकेएसचे घुंडी फिरवून सोडायचे, सफारीलँडचे सरळ दाबून सोडायचे. आठ घरांसाठी मात्र निवड मोजकी, आणि चांगला माल संपला की लवकर येत नाही. त्यात लोडर कुठल्याही रिव्हॉल्व्हरला बसत नाही. घरांच्या मध्यबिंदूंतून जाणारं वर्तुळ फ्रेमगणिक, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याच्या मापागणिक, बदलतं. एचकेएसचेच घ्या: स्मिथच्या के फ्रेमला १०-ए, सहा घरांच्या एल फ्रेमला ५८६-ए आणि सात घरांच्या ६८६ प्लसला ५८७-ए. जिथे कंपनी स्वतः इतके वेगळे नमुने काढते, तिथे कुणी "सगळ्या आठ-गोळ्यांना चालतो" म्हणाला तर तिथेच थांबायला हवं. मला लोडर विकणाऱ्या गृहस्थाने जाहिरातीत नेमकं तेच लिहिलं होतं.

मी शंका काढली तेव्हा तो म्हणाला, "आधी एकच घ्या. आवडला तर बाकीचे." ३० डॉलरला एक लोडर आला. ॲल्युमिनियमचा, कातकामाचा, कडा गुळगुळीत. आठ डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं बसवून उलटा करून झटकला, एकही हललं नाही. सिलिंडरवर टेकवून दाबला की स्प्रिंग सुटायची आणि आठच्या आठ आत. मी पन्नास वेळा करून पाहिलं, एकदाही चुकला नाही. धान्य घेताना आपण वानगी बघतो, तशी मी ही बघितली आणि निश्चिंत झालो.

मग ३६० डॉलरला बारांची मागणी दिली. तो म्हणाला, कार्डाने दिलेत तर तीन टक्के कापले जातात, तेव्हा मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवायचा पर्याय वापरा. दहा-अकरा डॉलर वाचवायला मी तो वापरला. या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं, हे मला माहीत होतं. पण हातात उत्तम वानगी होती.

पार्सल शुक्रवारी संध्याकाळी आलं, मॅच शनिवारी सकाळी. वरच्या थरातले दोन काढून पाहिले, ठीक वाटले. बाकीचे रेंजवर बघू म्हटलं, आणि तेही चुकलं. यूएसपीएसएच्या सेफ्टी एरियात, म्हणजे रिकामी बंदूक हाताळायच्या राखीव जागेत, काडतुसाला हात लावता येत नाही, डमीसुद्धा चालत नाही. लावलात तर थेट डिस्क्वालिफाय. लोडर तपासायची जागा घरचं टेबलच.

पहिल्याच स्टेजला दुसऱ्या भरणीत पाच काडतुसं आत गेली आणि तीन लोडरच्या तोंडाशी अडकून राहिली. तो फेकला, पुढचा घेतला, तर तो पट्ट्यातून काढतानाच मोकळा झाला आणि काडतुसं खडीवर विखुरली. वेळ किती गेला ते सांगत नाही. रेंज ऑफिसर भला माणूस. स्टेज संपल्यावर वाकून त्याने माझी काडतुसं गोळा करून दिली. मला तेव्हा कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

घरी येऊन फोन केला तर विक्रेता अगदी गोड. "नवी स्प्रिंग आहे. दीडशे-दोनशे वेळा वापरा, मोकळी होईल." महिनाभर रोज रात्री मी तेच करत बसलो. मग म्हणाला, "तुमच्या रिव्हॉल्व्हरची मूठ आड येतेय, डावी बाजू घासा." आता यातली फसवी गोष्ट अशी की हे खोटं नाही. मूठ जाड असली तर लोडर तिला अडतो आणि तिरपा बसतो, म्हणून बरेच खेळाडू डावीकडे मूठ घासून घेतात. माझी मूठ शिसवीची होती, बायकोने चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेली. मी ती पॉलिश पेपरने घासली. फरक शून्य. वानगीचा लोडर त्याच मुठीवर आधीपासून सुरळीत चालत होता, ही साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या ध्यानात आली नाही. याचं वाईट मला पैशांपेक्षा जास्त वाटतं.

शेवटी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. वानगी जड, बारांपैकी दहांचं वजन तिच्या निम्म्याहून कमी. सुरीने एकाचा रंग खरवडला तर खाली थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं प्लास्टिक. व्हर्नियरने समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर मोजलं तर बारांपैकी दोनच वानगीशी जुळले, तेच वरच्या थरातले. म्हणजे दोन खरे आणि दहा नकली, आणि खरे मुद्दाम वर ठेवलेले. स्प्रिंग, मूठ, दोनशे वेळा, हे सगळं दिवस घालवण्यासाठी होतं. हे विचारल्यावर त्याचा फोन लागेनासा झाला.

एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेटवरच्या गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली. पार्सल टपालाने आलं होतं, म्हणून पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडेही केली. दोन्हीकडून तक्रार क्रमांक मिळाले, पैसे आजतागायत नाहीत. तरी तक्रार कराच, कारण एकाच माणसाविरुद्ध दहा तक्रारी साठल्या तर निदान कुणाला तरी त्या जोडून बघता येतील.

आता मी लोडर घेतो तो कार्डानेच, आणि मॅचच्या निदान दोन आठवडे आधी. आला की एकूण एक तपासतो. माझ्याच गोळीची डमी भरून उलटा झटकतो, मग सिलिंडरवर ठेवून दाबतो, एक घर फिरवून पुन्हा दाबतो. प्रत्येकाला पंचवीस वेळा. टोकाला निमुळत्या गोळ्या वापरतो, कारण सपाट तोंडाची गोळी घराच्या कडेला अडते आणि दोष लोडरचा वाटतो. एकही वजनात वेगळा निघाला तर अख्खा सेट परत.

त्या मुलाला सांगितलं की विक्रेत्याकडून बाराही लोडर काट्यावर ठेवलेला व्हिडिओ माग आणि कार्डाने पैसे देतो म्हण. काल त्याचा निरोप आला: "दादा, विचारलं. त्याने मला ब्लॉक केलं."