फोल्डस्कोप: अकरावी-बारावीच्या मुलांनी कागदाचा मायक्रोस्कोप घ्यावा का?

ज्युनिअर कॉलेजच्या बायोलॉजी प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोप असतो, पण बहुतेक ठिकाणी तो आधीच फोकस करून ठेवलेला असतो. रांगेतून पुढे यायचं, डोळा लावायचा, जर्नलमध्ये आकृती काढायची आणि मागच्याला जागा द्यायची. स्लाइड कशी बनवली, ती पहिल्या तीन वेळा का बिघडली, फोकस लागताना आधी काय दिसतं, यातलं काहीच मुलांच्या हाताखालून जात नाही. फोल्डस्कोप विकत घ्यायचा तो एवढ्यासाठी. लॅबमधल्या मायक्रोस्कोपची स्वस्त आवृत्ती समजून घ्याल तर निराशा होईल. ओढ्याकाठी, गच्चीवर किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी स्वतः स्लाइड करून पाहायची असेल, तर या पैशांत याच्या तोडीचं दुसरं साधन नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी हा तयार केला आणि २०१४ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निबंधातल्या नमुन्याचं वजन ८.८ ग्रॅम आहे. पुढे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने अनुदान देऊन तो भारतातल्या शाळा-कॉलेजांपर्यंत नेला, त्यामुळे तुमच्या कॉलेजच्या कपाटात एखादा संच पडून असण्याची शक्यता आहे. विकत घेण्याआधी लॅब असिस्टंटना एकदा विचारा.

यात भिंग एकच, काचेचा बारीक मणी. नेहमीच्या नगात तो १४० पट मोठं दाखवतो आणि साधारण २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील वेगळा करतो. लॅबमधला मायक्रोस्कोप १० च्या ऑब्जेक्टिव्हवर (वस्तूकडच्या भिंगावर) १०० पट आणि ४५ च्या ऑब्जेक्टिव्हवर ४५० पट दाखवतो. म्हणजे फोल्डस्कोप या दोन्हींच्या मध्ये, लो पॉवरच्या जरा पुढे बसतो. भिंग एकच असल्यामुळे चित्र सुलटं दिसतं. कॉलेजात उलट्या चित्राची सवय झालेल्यांचा हात सुरुवातीला चुकीकडे जातो, पण दहा मिनिटांत जमतं.

जोडणीसाठी पहिल्यांदा अर्धा तास हाताशी ठेवा. भाग आधीच कापून येतात, ते शीटमधून बोटाने दाबून काढायचे असतात. कागद पाण्याने न भिजणारा आणि सहज न फाटणारा आहे. तरी खाचांच्या टोकाशी जोर लावला की तिथून चीर जाते, म्हणून भाग ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी हळूहळू ढकला. प्रत्येक घडी नखाने किंवा पेनाच्या टोपणाने दोन्ही दिशांना कडक बसवा. इथे कंटाळा केला तर घड्या स्प्रिंगसारख्या उघडत राहतात आणि लागलेला फोकस बोट सोडताच सरकतो. फोकस हलतो अशी तक्रार असेल, तर भिंगाला दोष देण्याआधी घड्या पुन्हा दाबून पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी किटच्या चित्रांवरून चटकन लक्षात येत नाही. भिंगाचा मणी जेमतेम अडीच मिलिमीटर व्यासाचा असतो. त्यामुळे फोकस लागतो तेव्हा भिंगाचा पृष्ठभाग आणि वस्तू यांच्यात अर्धा मिलिमीटरच्या आसपासच अंतर उरतं. काचेची स्लाइड १ ते १.२ मिलिमीटर जाड असते, कव्हर स्लिप (नमुन्यावर झाकायची पातळ काच) त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकी. स्लाइड उलटी घातली, म्हणजे कव्हर स्लिप भिंगाच्या विरुद्ध बाजूला गेली, तर काचेची जाडीच त्या अंतरापेक्षा जास्त होते आणि कितीही सरकवलं तरी फोकस लागत नाही. काहीच दिसत नाही म्हणून परत करावेसे वाटणारे बरेच नग या एका चुकीत अडकलेले असतात. कव्हर स्लिप भिंगाकडे, हे मार्करने कागदावरच लिहून ठेवा.

याच कारणाने ओला नमुना कव्हर स्लिपशिवाय कधीही घालू नका. थेंब थेट मण्याला लागतो, वाळून डाग पडतो आणि नंतरचं सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. डाग पडलाच तर इअरबड स्वच्छ पाण्याने किंचित ओला करून हलक्या हाताने फिरवा आणि चष्म्याच्या कापडाने टिपून घ्या. शर्टाच्या टोकाने पुसू नका.

पाहताना भुवई कागदाला टेकेल इतका डोळा जवळ न्यायचा आणि उजेडाकडे तोंड करायचं. ढगाळ आकाश उत्तम, पांढरी भिंत किंवा ट्यूबलाइटही चालते. सूर्याकडे धरून कधीही पाहू नका, भिंग डोळ्याला लागूनच असतं. हवं तर मागच्या बाजूला बटर पेपरचा तुकडा लावा, उजेड एकसारखा पसरतो.

खरी मजा मोबाइल जोडल्यावर आहे. किटमधलं चुंबकी कडं चिकटपट्टीने कॅमेऱ्यावर बसवायचं आणि फोल्डस्कोप त्याला चिकटवायचा. मागे तीन-चार कॅमेरे असलेल्या फोनवर इथे गोंधळ होतो. आधी १x वर ठेवून एकेक भिंग बोटाने झाका. ज्यावर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळा होतो, कडं त्याच्याच बरोबर मध्ये लावा. काही फोन वस्तू जवळ आली की आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, तिथे सेटिंगमध्ये जाऊन मॅक्रो बंद करा. केंद्र एक मिलिमीटरने जरी हुकलं तरी वर्तुळाची एक बाजू काळी पडते. आणि कितीही नीट बसवलं तरी वर्तुळाची कडा धूसरच राहणार, कारण मणी गोल आहे. मोजणी नेहमी मधल्या भागातच करायची.

आता याने करायचं काय? अकरावी-बारावीला या यंत्रावर सगळ्यात चांगलं जमणारं काम म्हणजे पर्णरंध्रांचा, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांचा, ठसा. बारावीच्या पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा विषयाच्या प्रकल्पाला हे चालतं आणि बालविज्ञान परिषदेसारख्या ठिकाणी नेता येईल इतकं ते वाढवता येतं. पानाची खालची बाजू कापसाने पुसा. रंग नसलेल्या नेलपॉलिशचा नखाएवढा पातळ थर एकाच फटक्यात लावा, पुन्हा ब्रश फिरवू नका. दहा ते पंधरा मिनिटं वाळू द्या. वरून पारदर्शक सेलोटेप दाबून एका टोकाने हळू उचला. ठसा टेपवर येतो, तो कागदी स्लाइडच्या खिडकीवर चिकटवा, ठशाची बाजू भिंगाकडे. पाणी नाही, कव्हर स्लिप नाही, आणि जाडी इतकी कमी की फोकस चटकन लागतो. रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींच्या जोड्या ओठांसारख्या उमटलेल्या दिसतात.

न जमण्याची कारणंही ठरावीक आहेत. थर जाड झाला तर वरून सुकतो आणि आत ओला राहतो, मग ठसा ताणला जाऊन पेशी लांबट दिसतात. आंब्याच्या पानाच्या वरच्या बाजूचा ठसा घेतलात तर रंध्रं सापडत नाहीत, कारण ती खालच्या बाजूलाच असतात. ही चूक नव्हे, हेच निरीक्षण आहे, तसंच लिहा. कण्हेरीच्या पानाचा ठसा कितीही वेळा घेतला तरी रंध्रं उमटत नाहीत. तिची रंध्रं केसाळ खड्ड्यांत खोल बसलेली असतात आणि नेलपॉलिश तिथवर पोचत नाही. पुस्तकातलं शुष्क हवेतल्या वनस्पतींचं अनुकूलन असं बोटांना कळतं.

मोजणी करायची तर प्रमाण हवं. १४० पट हा आकडा मोबाइलच्या फोटोवर लिहू नका. स्क्रीनवर चित्र केवढं दिसतं ते फोन आणि झूमवर अवलंबून असतं. झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक ओएचपी शीटवर अर्धा-अर्धा मिलिमीटर अंतराच्या रेघा लेझर प्रिंट करून घ्या. वीस अंतरं मिळून बरोबर १० मिलिमीटर होतात का, ते आधी पट्टीने तपासा. तो तुकडा स्लाइडवर लावून फोटो काढा. समजा दोन रेघांमधलं अंतर स्क्रीनवर ६० मिलिमीटर आलं. म्हणजे त्या झूमवर स्क्रीनवरचे ३० मिलिमीटर हे खरे पाव मिलिमीटर. त्याच झूमवर ठशाचा फोटो घ्या आणि मध्यभागी ३० मिलिमीटर बाजूचा चौरस मोजा. त्याचं खरं क्षेत्रफळ ०.०६२५ चौरस मिलिमीटर, म्हणून आलेल्या संख्येला १६ ने गुणायचं. चौरसात १२ रंध्रं असतील तर एका चौरस मिलिमीटरला १९२. चौरसाच्या चारही कडांवरची रंध्रं मोजली तर आकडा फुगतो. वरच्या आणि डाव्या कडेवरची घ्या, उरलेल्या दोन कडांवरची सोडा. एका झाडाची पाच पानं आणि प्रत्येक पानावर दहा चौरस, याखाली उतरू नका. एका पानावर दोन फोटो काढून 'रस्त्याकडेच्या झाडाला रंध्रं कमी' असा निष्कर्ष काढलेला प्रकल्प परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

र्‍हिओचं जांभळं पान मिळालं तर प्लास्मोलायसिसही (पाणी बाहेर गेल्याने पेशीचा आतला भाग आक्रसणं) छान दिसतं. खालच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा सोला, पाण्याच्या थेंबात पाहून घ्या, मग कव्हर स्लिपच्या एका कडेला ५ ते १० टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढा. जांभळा रंग पेशीच्या भिंतीपासून सुटत आत गोळा होतो. रंग पानाचाच असल्यामुळे सॅफ्रानिनसारखा वरून लावायचा रंग लागत नाही. मोबाइल लावून व्हिडिओ घेतला तर लॅबमध्ये वर्गाला सलग पाहता न येणारी गोष्ट हाती लागते.

पावसाळ्यात तेरडा फुलला की परागकण रुजवून पाहा. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर आणि अगदी कणभर, ०.०१ टक्के, बोरिक ॲसिड. बोरिक पावडर केमिस्टकडून शुद्ध आणा. कॅरमची पावडर वापरू नका, तिच्यात स्टार्च मिसळलेला असू शकतो. थेंब वाळायला लागला की साखरेचं प्रमाण वाढतं आणि परागकणांतून वाढणाऱ्या परागनलिका थांबतात किंवा फुटतात, म्हणून कव्हर स्लिपच्या कडांना व्हॅसलिन लावा आणि उजेडासाठी दिवा लावला असेल तर तो सतत चालू ठेवू नका.

डबक्याच्या पाण्यातले जीव दिसतात, पण पॅरामेशियम क्षणात चौकटीबाहेर पळतो. कापसाचे तीन-चार धागे विस्कटून थेंबात टाका, त्यांच्या जाळीत तो अडखळतो. सांडपाण्याचं पाणी आणू नका, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

काय जमत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखण्यासाठी हे यंत्र घेऊ नका. केंद्रक दिसतं, गुणसूत्रांची मांडणी नीट सुटत नाही, तिथे लॅबचं ४५ चं ऑब्जेक्टिव्हच हवं. दह्यातले जिवाणू दिसतील ही आशाही सोडा. आणि सेलोटेपवर धूळ गोळा करून पीएम २.५ मोजल्याचा दावा तर अजिबात करू नका. २.५ मायक्रॉन आणि त्याहून लहान कण या यंत्राच्या मर्यादेवर किंवा तिच्या खाली येतात. चौकातली आणि गल्लीतली मोठी धूळ यांची तुलना मात्र प्रामाणिकपणे करता येते, कण १० मायक्रॉनच्या वरचे आहेत एवढं लिहून.

कोणता संच घ्यायचा? एकट्याने, तेही गावातून करणार असाल तर स्लाइड, कव्हर स्लिप, चिमटा, ड्रॉपर आणि दिवा असलेला मोठा डबा सोयीचा, कारण तालुक्याच्या ठिकाणी कव्हर स्लिप सहज मिळत नाहीत. चार-पाच जणांचा गट असेल आणि कॉलेजच्या लॅबमधून काचसामान मिळणार असेल, तर साधे कागदी नग प्रत्येकी एक घ्या आणि चिमटा-दिवा एकत्र वापरा. प्रत्येकाकडे स्वतःचा नग असणं डब्यातल्या सामानापेक्षा महत्त्वाचं आहे. एकाच यंत्राभोवती पाच जण उभे राहिले की पुन्हा प्रॅक्टिकलचीच रांग तयार होते.

पावसाळ्यात दमट हवेने टेपचा गोंद दुधाळ होतो आणि ठसा पुसट दिसू लागतो. ठसा घेतला की त्याच दिवशी फोटो काढा आणि झाड, पानाची बाजू, तारीख, वेळ, झूम असं स्लाइडच्या कागदी कडेवर लगेच पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई ओल्या हाताने पसरते, मग पन्नास स्लाइडमधली आंब्याची कुठली आणि पिंपळाची कुठली ते सापडत नाही.