ड्युअल-स्पोर्ट बाईक: आहे तशी राखायची की बदलत जायची?

माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या भावाकडे एकाच मॉडेलची ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्चा अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी बाईक आहे. दोन्ही एकाच महिन्यात घेतल्या. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, एक सिलिंडर, आऱ्यांची रिम, ट्यूबचे टायर. भावाने पहिल्या दोन महिन्यांतच सायलेन्सर, जादा दिवे, क्रॅश गार्ड आणि लोअरिंग लिंक (मागच्या शॉकच्या जोडणीतली, गाडीची उंची कमी करणारी पट्टी) बसवली. मी वर्षभर टायर सोडले तर कशालाच हात लावला नाही, फक्त गाडी नीट राखली. आता चौथं वर्ष चालू आहे आणि दोन्ही गाड्यांचं काम बहुतेक वेळा मीच करतो. त्यामुळे कोणता बदल टिकला, कोणता काढून ठेवावा लागला आणि कोणत्याने नुसती मेहनत वाढवली, हे दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून सांगता येतं.

आधी एकच हिशेब करा. तुमचे बहुतेक किलोमीटर डांबरीवर जातात की कच्च्यावर? दहापैकी आठ किलोमीटर डांबरी असतील तर गाडी कंपनीतून आली तशीच ठेवा. हँड गार्ड आणि वेळच्या वेळी देखभाल एवढं पुरतं. निम्म्याहून जास्त रस्ता माती-खडीचा असेल तर बदल करा, पण टायर, मग तुमच्या वजनाची स्प्रिंग, मग बॅश प्लेट (इंजिनाखालचं संरक्षक पत्र्याचं आवरण) या क्रमाने. दिवे आणि सायलेन्सर सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात, भावानेही तेच केलं. प्रत्येक बदलामागून देखभालीचं एक नवं काम येतं आणि विकत घेताना ते कुणी सांगत नाही, म्हणून खाली बदलासोबत ते कामही मांडतो आहे.

टायर आणि ट्यूब

कंपनीचे टायर सहसा डांबरीकडे झुकलेले असतात. कोरड्या कच्च्या रस्त्यावर ते चालून जातात, ओल्या मातीत मात्र त्यांच्या खाचा भरतात आणि पुढचं चाक हाताबाहेर जातं. बटण टायर (मोठ्या ठोकळ्यांचा, मातीसाठीचा) लावला की तीच गाडी दुसरीच वाटते. पण मागचा बटण टायर डांबरीवर फार लवकर झिजतो, ओल्या डांबरीवर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि हायवेवर हँडलला सतत बारीक थरथर जाणवते. मधला पर्याय म्हणजे ५०-५० प्रकारचा, अर्धा डांबरीसाठी आणि अर्धा कच्च्यासाठी असलेला टायर. मी पुढे थोडा आक्रमक आणि मागे मध्यम असा जोड वापरतो, कारण मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की माणूस खाली.

टायरपेक्षाही मोठा फरक हवेच्या दाबाने पडतो, आणि त्याला खर्च काहीच नाही. डांबरीवर मॅन्युअलमध्ये लिहिलेला दाब. सैल मातीत किंवा वाळूत १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवला तर टायर पसरतो आणि पकड धरतो. त्याखाली गेलात आणि दगड लागला की ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली जाते. तसं पंक्चर लगेच ओळखू येतं, शेजारी शेजारी दोन लांबट भोकं. परत डांबरीला लागताना हवा भरायची म्हणजे छोटा पंप आणि दाब मोजायचं मीटर कायम बरोबर हवं.

ट्यूब की ट्यूबलेस? ट्यूबलेसचं पंक्चर चाक न काढता पाच मिनिटांत निघतं, हा मोठा फायदा आहे. पण आऱ्यांची रिम मुळात ट्यूबलेससाठी बनवलेली नसेल, तर आऱ्यांची भोकं आतून सील करावी लागतात. मग पुढे आरे कसताना ते सील तुटू शकतं. शिवाय ट्यूबच्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो, त्यामुळे कमी दाबावर कड सुटायची भीती राहते. रिम दगडावर चेपली तर ट्यूब तरीही हवा धरते, ट्यूबलेस धरत नाही. कच्च्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: जाड ट्यूब घाला आणि चाक उघडायचा सराव घरी करा. जादा ट्यूब एकच नेणार असाल तर २१ इंची न्या. अडचणीच्या वेळी ती मागच्या १८ इंची चाकातही बसवून घरी येता येतं.

टायर कुठलाही असो, आरे तपासायलाच हवेत. गाडी स्टँडवर घेऊन चाक हळू फिरवायचं आणि प्रत्येक आऱ्यावर छोट्या पान्याने टकटक करायची. घट्ट आरा टणकन वाजतो, सैल आरा बद्द. नव्या गाडीत पहिल्या काही राइडमध्ये आरे बसतात, तेव्हा हे जास्त वेळा करा. सैल आरा सापडला तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त कसू नका, नाहीतर रिममध्ये आऊट येतो, म्हणजे ती वाकडी फिरू लागते.

स्प्रॉकेट: सगळ्यात स्वस्त बदल

कच्च्यावर पहिला गिअर फार लांब वाटतो, उतारावर गाडी पळते आणि चढावर क्लच झिजवावा लागतो, ही तक्रार बऱ्याच ड्युअल-स्पोर्टबद्दल ऐकू येते. समजा चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकांना (स्प्रॉकेट) पुढे १४ आणि मागे ४० दात आहेत. प्रमाण २.८६. पुढे १३ दातांचा स्प्रॉकेट लावला की ते ३.०८ होतं, म्हणजे साधारण साडेसात टक्के जास्त ओढ. तेवढाच परिणाम मागे ४३ दात लावूनही मिळतो. पुढचा बदल स्वस्त आणि झटपट होतो, जुनी चेनही बहुधा चालून जाते. मात्र चेन लहान वर्तुळात जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) रबरी पट्टी लवकर खाल्ली जाते, ती दर सर्व्हिसिंगला बघावी लागते. मागे दात वाढवले तर चेन लांब लागू शकते, पण झीज कमी. दोन्हीत हायवेवर इंजिन जास्त फिरतं, आणि गिअरबॉक्सवरून वेग मोजणाऱ्या गाडीचा स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही. रोज हायवेने जाणाऱ्याने कंपनीचंच प्रमाण ठेवावं.

चेनच्या बाबतीत एक गोष्ट रस्त्याच्या गाड्यांवरून आलेल्यांना माहीत नसते. ड्युअल-स्पोर्टचं मागचं चाक खूप वर-खाली होतं. पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. स्टँडवर बघून चेन ‘छान घट्ट’ केली आणि गाडी खड्ड्यात दबली, तर ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. मॅन्युअलमध्ये दिलेला सैलपणा पहिल्यांदा फार वाटेल, तरी तोच ठेवा. ओ-रिंग चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने धुवा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश रबरी रिंगा खराब करतात.

शॉक: स्प्रिंग की नवा शॉक?

इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. कंपनी एका सरासरी वजनाचा माणूस गृहीत धरून स्प्रिंग बसवते. तुम्ही त्याहून जड असाल तर गाडी बसते, मागून खाली आणि पुढून हलकी होते, आणि लोक थेट महागडा शॉक घ्यायला निघतात. त्याआधी सॅग मोजा. मागचं चाक हवेत उचलून ॲक्सलपासून वरच्या पॅनलवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट, बूट, सामानासकट गाडीवर बसा, एकाला गाडी सरळ धरायला सांगा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅग. चाकाचा एकूण प्रवास २५० मिलिमीटर असेल तर सॅग त्याच्या साधारण एक तृतीयांश, ७५ ते ८५ मिलिमीटर हवा.

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कसून तो आकडा जमवता येतो, पण प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची उंची बदलते. म्हणून दुसरं माप घ्या: कुणीही न बसता गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते? माणसासकट सॅग बरोबर आला, पण रिकामी गाडी जवळपास बसतच नसेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. हे उलटं वाटतं, पण प्रीलोड इतका कसला गेलेला असतो की रिकाम्या गाडीला स्प्रिंग दाबताच येत नाही. अशा वेळी नुसती स्प्रिंग बदला. पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगही त्याच हिशेबाने बदला, नाहीतर मागून कडक आणि पुढून मऊ अशी गाडी ब्रेक लावताना नाक घासते. पूर्ण नवा शॉक त्यांनीच घ्यावा ज्यांना वेगात, तासन्‌तास खडबडीत रस्त्यावर जायचंय आणि ज्यांचा शॉक तापून मऊ पडतो. त्यात ठरावीक काळाने ऑइल आणि सील बदलण्याचं काम वाढतं.

एअर फिल्टर

कागदी फिल्टर बदलायचा आणि विसरायचा. फोमचा फिल्टर धुवून पुन्हा वापरता येतो, पण तो तेव्हाच चांगला जेव्हा तुम्ही खरोखर धुता. धुळीच्या राइडनंतर, त्यातही दुसऱ्याच्या मागे मागे गेला असाल तर, तो काढावाच लागतो. रॉकेलमध्ये दाबून दाबून धुवा (पिळू नका, चिकटवलेला सांधा फाटतो), मग साबणाच्या पाण्याने, मग सावलीत पूर्ण वाळवा. त्यानंतर फिल्टरचं चिकट तेल सगळीकडे एकसारखं मुरवा आणि कडेला ग्रीसची पातळ रेघ द्या, म्हणजे धूळ बाजूने शिरत नाही. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. आत गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगांवर पॉलिश पेपरसारखी घासते, आणि ते नुकसान महिन्यांनी धूर दिसू लागल्यावरच कळतं. हे काम कंटाळवाणं वाटत असेल तर मनाशी प्रामाणिक राहून कागदी फिल्टरच ठेवा.

सायलेन्सर आणि दिवे

हलक्या सायलेन्सरने दोन-तीन किलो वजन कमी होतं, हे खरं. ताकदीत मात्र नुसत्या सायलेन्सरने जाणवेल असा फरक क्वचितच पडतो. कारब्युरेटरच्या गाडीत जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळ्या) बदलावे लागतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हलक्या थ्रॉटलवर मिश्रण सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेल्या मॅपवर चालतं, आणि हवा वाढली तर मिश्रण पातळ होऊन इंजिनाचं हेड तापतं. शिवाय आवाजाचे नियम मोडतात आणि गावाजवळच्या पायवाटा बाइकवाल्यांना बंद होतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. भावाने वर्षाने जुना सायलेन्सर परत लावला. जादा दिव्यांआधी गाडीचा स्टेटर (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) किती वॉट देतो ते बघा. छोट्या इंजिनात शिल्लक थोडीच असते.

संरक्षण

क्रॅश गार्डपेक्षा हँड गार्ड आणि बॅश प्लेट आधी. हँड गार्ड आतून धातूच्या पट्टीचे, दोन्ही टोकांना कसलेले हवेत. नुसतं प्लॅस्टिक फक्त वारा अडवतं. बॅश प्लेट ॲल्युमिनियमची असेल तर खडी टणाटण वाजते, जाड प्लॅस्टिकची असेल तर दगडावरून सरकते आणि आवाज कमी. दोन्हीत चिखल साचतो, म्हणून महिन्यातून एकदा काढून धुवा. लिव्हरचे क्लॅम्प अगदी करकचून आवळू नका. पडल्यावर ते हँडलवर फिरले पाहिजेत, म्हणजे लिव्हर वाचतो.

टॅपेट: गाडी निवडतानाच बघा

अजून गाडीच घ्यायची असेल तर हे महत्त्वाचं. सुझुकी डीआर६५०मध्ये टॅपेट (व्हॉल्व्हची फट) स्क्रू आणि नटने जुळवता येतात; फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि थोडा धीर असेल तर घरी होतं. शिमच्या (फट ठरवणाऱ्या छोट्या चकत्यांच्या) इंजिनात मोजणं घरी जमतं, पण माप चुकलं तर बहुतेक वेळा कॅमशाफ्ट काढून योग्य जाडीची शिम घालावी लागते. त्या बदल्यात शिम फार काळ टिकतात: यामाहा डब्ल्यूआर२५०आरमध्ये तपासणीचा टप्पा सुमारे ४२,००० किलोमीटरचा आहे. स्वतः हात काळे करणाऱ्याने स्क्रूचं इंजिन घ्यावं, लांबचे प्रवास करणाऱ्याने शिमचं. आणि टॅपेट शांत झाला म्हणून खूश होऊ नका. सैल टॅपेट वाजून सांगतो, घट्ट झालेला गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतो.

उंची कमी करायची असेल तर

पाय टेकत नाहीत म्हणून लोअरिंग लिंक लावायचा मोह होतो. ती स्वस्त आहे आणि तासाभरात बसते. पण लिंकचं प्रमाण बदलतं, मागची गाडी मऊ लागते, पोटाखालचं अंतर घटतं, आणि फोर्क क्लॅम्पमध्ये तेवढेच वर सरकवले नाहीत तर हँडल जड आणि आळशी होतं. साइड स्टँडही लांब पडतो. भावाची गाडी त्यामुळे जवळजवळ सरळ उभी राहायची आणि एकदा उतारावर उलट्या बाजूला पडली, क्लच लिव्हर राहिला पण ब्रेक लिव्हर मोडला. सीटचा फोम तासून दोन-तीन सेंटिमीटर मिळतात आणि गाडीच्या चालण्यात काही बदलत नाही, म्हणून आधी ते करून बघा. तरीही कमी पडलं तर शॉक आणि फोर्क दोन्ही आतून आखूड करून घेणं हा नीट मार्ग आहे, खर्चिक असला तरी.

भावाची लिंक शेवटी आम्ही काढली. लिंकेजचे बोल्ट बाहेर आले तेव्हा आतल्या सुई-बेअरिंगमध्ये ग्रीस जवळपास नव्हतंच, दोन सुयांवर तांबूस गंज चढला होता. त्याच दिवशी माझीही गाडी उघडली. तिथे गंज नव्हता, पण ग्रीस तितकंच कमी. दोन्ही गाड्यांची बेअरिंग धुतली, जलरोधक ग्रीस बोटाने दाबून भरलं, त्याच्या गाडीला मूळची लिंक लावली आणि सॅग पुन्हा मोजला. ७८ मिलिमीटर आला.