सात महिने वापरलेले नाचाचे बूट, आणि भुसावळची धूळ

टाच किती, रंग कोणते, हे सगळ्यांना माहीत आहे. लिहायला बसलो कारण परवा साल्सात बायकोला वळवताना उजव्या बुटाचा सोल पुढून 'आ' करून उघडला. २,४०० रुपयांचा जोड! एवढ्यात माझं तीन वर्षांचं चप्पल-बूट खातं भागलं असतं.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर : बूट बाहेर वापरलेला दिसतो, वॉरंटी नाही. अहो, मी पिशवीतून नेतो, क्लासच्या दारात बदलतो, चहाला खाली उतरतानाही काढून ठेवतो! ही बाहेरची नाही, आमच्या घरातली धूळ आहे. उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या तरी टीव्हीवर बोटानं नाव लिहिता येतं. दोन फोन, तीन मेल, शेवटी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. ठेवा तुमच्याकडेच.

धुळीवर जरा बोलूच द्या. सोल स्वेडचा, म्हणजे चामड्याची लव असलेली बाजू. लवेत धूळ बसली की तो गुळगुळीत होतो आणि वॉल्ट्झ नाचताना 'वन-टू-थ्री'तल्या 'टू'लाच पाय निसटतो. मग तारेच्या ब्रशनं लव उभी करायची. ब्रश बुटांसोबत येत नाही, १८० रुपये वेगळे! मी हार्डवेअरमधून गंज खरवडायचा चाळीसवाला आणला आणि निम्मी लव उपटली. ही चूक माझी.

पहिला महिना एकच स्टार देणार होतो. मग एकदा बूट घरी विसरलो, रबरी सोलवर गिरकी घेतली. अंग फिरलं, पाय फरशीला चिकटून राहिला. चार दिवस गुडघा धरून जिना उतरलो. पैसे घसरण्याचे असतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

लहानपणी नाताळात रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन मंडळींचा जोडीनं नाच आम्ही पोरं खिडकीला लटकून बघायचो. गाणी विसरलो, लाकडी फरशीवरची तळव्यांची सर्र सर्र लक्षात राहिली. आमच्याकडे वरातीत बँडपुढे ज्यानं त्यानं हात वर करून नाचायचं; इथे मात्र एक जण हातानं नुसतं सुचवतो आणि दुसरा वळतो. ४६व्या वर्षी क्लास लावला तेव्हा अमळनेरहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आते हाई काय नवीन?" जानेवारीत एका रात्री घरच्या हॉलमध्ये ती सर्र माझ्याच पायांतून आली. बायकोलाही ऐकू आली. त्या रात्री पाच स्टार दिले असते.

आता ताजी खबर. स्टेशनजवळच्या मोचीदादांनी सोल हुंगून विचारलं, "गाडीच्या डिक्कीत ठेवता का?" ठेवतो. मे महिन्यात, दुपारभर. डिंक वितळला होता. साठ रुपयांत चिकटवून वर शिवूनही दिलं, आणि कंपनीला पाठवायचा चौथा मेल मी खोडला.

चार स्टार. कापलेला एक ब्रशचा आहे, तो परत मिळणार नाही. आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर लहान घ्या, स्वेड आणि चामडं दोन्ही सैलावतात.