घर बांधायचंय: बेकरांच्या वाटेनं की कोरियांच्या?

आर्किटेक्टकडे जाताना हल्ली बरेच जण मोबाइलमध्ये दोन तऱ्हेचे फोटो घेऊन जातात. एकात गिलावा न केलेली विटांची भिंत आणि विटांमध्ये भोकं ठेवून केलेल्या जाळीतून आत आलेला उजेड, दुसऱ्यात घराच्या मधोमध आभाळाला उघडा चौक. पहिल्याचा माग काढला तर आपण लॉरी बेकरांपाशी पोचतो, दुसऱ्याचा काढला तर बहुतेकदा चार्ल्स कोरियांपाशी. इंग्रज गेल्यावर सिमेंट, काच आणि सपाट स्लॅब म्हणजेच प्रगती असं वाटण्याच्या काळात या दोघा आर्किटेक्टांनी ऊन-पावसाला धरून आधुनिक घरं बांधली. पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि फोटो आवडला म्हणून वाट निवडू नये.

बेकर बर्मिंगहॅमचे, 1945 साली कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आले आणि पुढं केरळचेच झाले. त्यांची नजर साहित्यावर आणि गवंड्याच्या हातावर होती. ‘रॅट ट्रॅप’ पद्धतीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात. भिंतीत मध्ये पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्शानं कमी लागतात आणि बाहेरचा ताप आत यायला वेळ लागतो. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळया घेतात, तिथलं काँक्रीट फारसं काम करत नाही. म्हणून तिथं जुनी मंगलोरी कौलं घालायची. खर्च उतरतो, वजनही उतरतं. तिरुवनंतपुरमचं बेकरांनी बांधलेलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज एकदा आतून पाहून या, जाळ्यांमधून वारा कसा खेळतो ते कळेल.

अडचण अशी की बेकरांची भिंत गिलाव्याविना उघडीच राहते, त्यामुळे वाईट वीट आणि वाकडी रचना लपत नाही. हे काम केलेला गवंडी नसेल तर वाचलेले पैसे दुरुस्तीत जातात.

कोरियांचा विचार आधी छेदातून, म्हणजे घर उभं कापलं तर आत कसं दिसेल त्या चित्रातून, सुरू होतो: वारा कुठून शिरेल, कुठून निघेल. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत बांधलेल्या ‘ट्यूब हाउस’मध्ये तापलेली हवा उतरत्या छपराखालून वर चढून निघून जाई आणि खालून ताजी हवा आत ओढली जाई. मुंबईतली 28 मजली कांचनजंगा (1983) तर मला आजही थक्क करते. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही पश्चिमेचीच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवतीनं व्हरांडा घेतला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंच करून इमारतीच्या कोपऱ्यांत नेला. नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत सात-सात घरं एका अंगणाभोवती आहेत, आणि भिंती सामायिक नसल्यानं प्रत्येकाला आपलं घर वाढवता येतं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की मूळची बरीच घरं आता ओळखू येत नाहीत. मला यात त्या आराखड्याचं अपयश दिसत नाही.

आता तुमच्या प्लॉटकडे या. पुणे, नाशिक, सोलापूर, म्हणजे घाटाच्या अलीकडे असाल, तर कोरियांचा चौक घ्या. कोरडी हवा, गार रात्री आणि बेताचा पाऊस यांना तो मानवतो. आपल्या वाड्यांनी हे केव्हाच ओळखलं होतं. जागा मात्र हवी. अगदी लहान प्लॉटवर चौक काढला तर खोल्या चिंचोळ्या होतात. तिथं चौकाचा हट्ट सोडून जिन्याच्या वर वारा निघायला वाट ठेवावी.

कोकणात किंवा गोव्यात बांधत असाल तर मी बेकरांच्या बाजूनं आहे, पण त्यांच्या विटेच्या बाजूनं नाही. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधावं, हा गांधीजींचा विचार बेकर आयुष्यभर सांगत राहिले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्या पाच मैलांत जांभा दगड मिळतो. तो सोडून लांबून विटा आणणं बेकरांच्या विचाराच्या उलट आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर आणि खोल पडवी घ्या. जाळी पश्चिमेला नको, नाहीतर आषाढात झडीनं माजघर ओलं होईल. ती पूर्वेला किंवा पडवीच्या आत ठेवा आणि मागून डासांची जाळी लावा. उघडा चौक घ्यायचाच असेल तर पाणी निघायची वाट आधी कागदावर काढून घ्या.

नकाशा पक्का करण्याआधी जवळपासचं अशा पद्धतीचं एखादं घर जुलैत पाहा आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजताही पाहा. तिथं राहणाऱ्यांना भिंतींची ओल, डास आणि पंख्याशिवायची दुपार यांबद्दल विचारा. जमलं तर ज्या गवंड्यानं ते बांधलं त्याचा नंबरही घ्या.