मोठी लॉ फर्म की स्वतःची बिझनेस प्रॅक्टिस? सोडायचा विचार करणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये पाच ते दहा वर्षं काढलेल्या कॉर्पोरेट वकिलांसाठी हे लिहितेय. लिटिगेशनवाल्यांचं, म्हणजे कोर्टात केसेस चालवणाऱ्यांचं, वेगळं असतं, सिनिअरच्या चेंबरमधून बाहेर पडून स्वतःची मॅटर्स घेणं ही आपल्याकडे जुनी रीत आहे, त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. पण लोअर परळच्या काचेच्या बिल्डिंगमधून उठून फोर्टात नाहीतर ठाण्यात एक टेबल टाकून शेअरहोल्डर्स ॲग्रीमेंट लिहीत बसणार म्हटलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "काढलं का तुला?"

तसं यात विचित्र काही नाहीये. झिया मोदी न्यूयॉर्कची फर्म सोडून आल्या आणि १९८४ मध्ये इथे स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली, एझेडबी ही त्यांची फर्म नंतर २००४ मध्ये झाली. २०१५ मध्ये अमरचंद मंगलदास ही मोठी फर्म दोन भावांत वाटली गेली, त्याच वर्षी अभिजित जोशींनी एझेडबी सोडून व्हेरिटास लीगल काढली. ही नावं ऐकून हुरूप येतो, येऊ दे, फक्त एवढं लक्षात ठेवा की जोशी तेव्हा तिथले सिनिअर पार्टनर होते, सातव्या वर्षाचे असोसिएट, म्हणजे पार्टनरच्या हाताखालचे वकील, नव्हते.

आणि सगळा फरक तिथेच आहे. पगार, वेळ, बॉस वगैरे नंतर, आधी हे बघा की क्लायंट कुणाचा आहे. एखाद्या कंपनीचा जनरल कौन्सेल (कंपनीतला मुख्य वकील) रात्री साडेअकराला तुम्हालाच फोन करतो, पार्टनरला करत नाही, म्हणून तो आपलाच असं वाटायला लागतं. तो तुम्हाला फोन करतो कारण डेटा रूम (डीलचे सगळे कागद) तुम्ही बघताय. पुढच्या डीलला त्याला टॅक्सची टीम लागेल, कॉम्पिटिशनची लागेल, आणि बोर्डासमोर ठेवायला मोठं नाव लागेल, म्हणजे काही गडबड झाली तर "आपण तर सगळ्यात मोठी फर्म घेतली होती" असं म्हणता येतं. तो तुमचं मनापासून अभिनंदन करेल, जेवायला पण नेईल, काम देणार नाही. काम देतात ते वेगळेच लोक. फर्मची फी ऐकून परत गेलेला प्रमोटर, कॉलेजचा मित्र जो आता कुठल्यातरी स्टार्टअपमध्ये लीगल बघतो, जुना सहकारी जो इनहाउस (एखाद्या कंपनीच्याच नोकरीत) गेलाय, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सीए. गेल्या वर्षभरात या लोकांपैकी कुणी "तू बाहेर घेतेस का गं काम?" असं आपणहून विचारलंय का ते आठवा. एकानेही विचारलं नसेल तर थांबा, सरळ सांगते.

आता काम कसं बदलतं ते बघू, कारण लोकांना वाटतं तेच काम घरून करायचंय, फक्त पैसे आपले. फर्ममध्ये तुम्ही एका मोठ्या व्यवहाराची एक फाक बघता. तीनशे कॉन्ट्रॅक्ट्समध्ये चेंज ऑफ कंट्रोलचा (कंपनीची मालकी बदलली तर काय, याचा) क्लॉज शोधायचा, विकणाऱ्याच्या डिस्क्लोजर लेटरवर चार दिवस भांडायचं, कंडिशन्स प्रिसिडेंटची (डील पूर्ण व्हायच्या आधीच्या अटींची) लिस्ट पुढे ढकलत राहायची. कंटाळवाणं आहे पण त्यात खोली येते, मोठ्या डील्सची सवय होते, आणि समोर तितकाच तयार वकील असतो त्यामुळे धार राहते. स्वतःच्या प्रॅक्टिसमध्ये भोसरीचा फॅब्रिकेशनवाला येतो आणि एका बैठकीत पाच प्रश्न टाकतो: धाकट्या भावाला भागीदारीतून बाहेर पडायचंय, एमआयडीसीची शेड दुसऱ्याच्या नावावर करायचीय, एका मोठ्या कस्टमरने सात महिने पैसे अडकवलेत, एका सुपरवायझरला काढलंय तो लेबर कमिशनरकडे गेलाय, आणि शेवटी निघताना दारात, "मॅडम, मुलाला कंपनीत घ्यायचंय, प्रायव्हेट लिमिटेड करू का एलएलपी?"

यातलं बरंचसं तुम्ही फर्ममध्ये कधी केलेलं नसतं. पैसे अडकले म्हटलं की तुमच्या डोक्यात आयबीसी (दिवाळखोरीचा कायदा) येतं, पण मार्च २०२० पासून तिथली किमान मर्यादा एक कोटी आहे, याचे वीस लाख अडकलेत, त्या नोटिशीला समोरचा हिंग लावून विचारणार नाही. त्याला २००६ चा एमएसएमई (छोट्या उद्योगांचा) कायदा लागतो, ज्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं व्याज लागतं, आणि दाद फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागायची. नाहीतर कमर्शियल कोर्ट, तिथली किमान मर्यादा २०१८ पासून तीन लाखांवर आलीय, पण तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मीडिएशन करावंच लागतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या केसमध्ये ते सक्तीचं आहे म्हणून सांगितलंय. हे शिकायला अवघड नाही. पण हे शिकण्यात मजा वाटते का, की आपण बाराशे कोटींच्या डीलवरून वीस लाखांच्या वसुलीवर आलो असं वाटतं, हे मात्र स्वतःला विचारायला पाहिजे. मला स्वतःला पहिल्या प्रकारचं जास्त वाटतं, कारण हा माणूस सल्ला ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी तसं करतो, फर्ममध्ये आपलं मेमो कुठे गेलं ते कधी कळायचं पण नाही.

पैशांबद्दल एक गैरसमज आधी काढते. "नोकरी सोडतेय" असं सगळे म्हणतात, पण कागदावर ती नोकरी नसतेच. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही, म्हणून फर्म तुम्हाला रिटेनरशिप फी देते, दहा टक्के टीडीएस कापते, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. म्हणजे टॅक्सच्या नजरेत तुम्ही आधीपासून स्वतंत्रच आहात. सोडल्यावर खरं जातं ते एवढंच: ठरलेल्या तारखेला जमा होणारी रक्कम, बोनस, आणि ग्रुप मेडिक्लेम. शेवटचं लोक विसरतात, आईवडील त्याच पॉलिसीत असतील तर बाहेरची पॉलिसी आधी घ्या, कारण आधीच्या आजारांना वेटिंग पिरिअड असतो. होम लोन काढायचं असेल तर ते पण आधीच, नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागत बसते.

उलट बाजूला, छोट्या प्रॅक्टिसला टॅक्स त्रासदायक नाहीये. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, किंवा रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम उत्पन्न धरून मोकळं होता येतं, खर्चाची बिलं जपायला नकोत, ॲडव्हान्स टॅक्सही १५ मार्चपर्यंत एकदाच. हे एकट्याला किंवा साध्या भागीदारीला मिळतं, एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) नाही, त्यामुळे "एलएलपी भारी दिसते" म्हणून पहिल्याच महिन्यात काढू नका. आणि वर्षाच्या मधे सोडलंत तर फर्मकडून आलेली फी आणि स्वतःची फी एकत्र मोजून ती मर्यादा बघायची, म्हणून जमलं तर बोनस घेऊन मार्चअखेर निघालेलं बरं. जीएसटी तर अजून सोपा, कंपनी क्लायंट असेल तर वकिलाच्या फीवरचा १८ टक्के जीएसटी तोच रिव्हर्स चार्जने, म्हणजे स्वतः सरकारकडे, भरतो, बिलावर तसं लिहायचं. फक्त क्लायंटला हे आधी सांगा, नाहीतर त्याला वाटतं तुम्ही फी वाढवली.

वसुली मात्र आपल्यावर येते. फर्ममध्ये बिलं थकली तर अकाउंट्सवाले फोन करतात, इथे तुम्हीच वकील आणि तुम्हीच तगादा लावणारे. फी दिली नाही म्हणून क्लायंटचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना केसमध्ये ते स्पष्ट केलंय. त्यामुळे ॲडव्हान्स घ्या. आणि तासाचा रेट विसरा, धंदेवाल्या माणसाला घड्याळाची भीती वाटते, तो मग फोनच करत नाही आणि सही करून झाल्यावर ॲग्रीमेंट दाखवायला आणतो. ठरलेली फी, त्यात काय येतं आणि काय नाही ते एका ईमेलमध्ये, ड्राफ्टच्या दोन फेऱ्या धरून. महिन्याचं रिटेनर गोड वाटतं, पण "जरा बघून द्या ना"ला अंत नसतो, त्याला तासांची वरची मर्यादा हवीच.

क्लायंट मिळवायचे कसे, याला फर्मकडे उत्तर आहे आणि तुमच्याकडे जवळजवळ नाही. नियम ३६ प्रमाणे जाहिरात बंद. २००८ पासून वेबसाइट चालते पण त्यावर नाव, पत्ता, सनद, शिक्षण, प्रॅक्टिसचं क्षेत्र एवढंच. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने इन्फ्लुएन्सरकडून प्रचार करून घेण्याबद्दल परत दम भरलाय. सीए मित्राला "तू काम पाठव, दहा टक्के तुझे" असं म्हणता येत नाही, वकील नसलेल्याबरोबर फी वाटून घेणं किंवा भागीदारी करणं नियमात बसत नाही. राहतं काय तर ओळख, केलेलं काम आणि लेख-भाषणं. हे हळूहळू चालतं, इतकं हळू की वर्षभराचा घरखर्च बाजूला नसेल तर मधेच धीर सुटतो आणि माणूस मिळेल ते काम मिळेल त्या पैशात घ्यायला लागतो, मग तीच फी गावभर होते.

ऑफिस, सबस्क्रिप्शन वगैरेवर जास्त बोलत नाही. कॉर्पोरेट कामाला हायकोर्टाजवळ असायची गरज नाही, मीटिंगपुरतं को-वर्किंग घ्या. निकाल शोधायला इंडियन कानून ही साइट फुकट आहे, पण पैसे देऊन घेतलेला एखादा डेटाबेस लागतोच. लेटरहेड साधं चालतं.

ज्याबद्दल कुणी सावध करत नाही ते म्हणजे दुसऱ्याची नजर. फर्ममध्ये तुमचा ड्राफ्ट प्रिन्सिपल असोसिएट बघतो, मग पार्टनर बघतो, टॅक्सवाला एक ओळ बदलतो. आपण त्याला कटकट म्हणतो. एकट्याने काम करताना इन्डेम्निटीची कॅप (नुकसानभरपाईची वरची मर्यादा) चुकली तर ती क्लायंटच्या सहीपर्यंत तशीच जाते. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलांना ग्राहक कायद्यातून बाहेर ठेवलं, त्यावर खूश होऊ नका, निष्काळजीपणाचा दावा सिव्हिल कोर्टात होऊ शकतोच, इंडेम्निटी इन्शुरन्स घ्या. पण इन्शुरन्स काही ड्राफ्ट वाचत नाही. म्हणून माझं मत असं की एकटं निघण्यापेक्षा दोघांनी निघावं, आणि दोघं एकाच टीममधले नसावेत. दोन एम अँड ए वाले (कंपन्यांच्या खरेदी-विलीनीकरणाची कामं करणारे) मिळून एकच अर्धं ऑफिस होतं, एक कॉर्पोरेटवाला आणि एक कोर्टात उभं राहणारा असेल तर भोसरीवाल्याचे पाचातले चार प्रश्न घरातच सुटतात. त्यांचं पार्टनरशिप डीड मात्र दुसऱ्या वकिलाकडून करून घ्या, दुसऱ्यांना आपण हेच सांगत असतो ना.

फर्मने अडवलं तर? असोसिएटला सोडून गेल्यावर तेच काम करू नको असं बांधून ठेवणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही, २००६ मध्ये झहीर खानच्या एजन्सीवाल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं. पार्टनर असाल तर जरा जपून, भागीदारी कायद्याच्या कलम ३६ मध्ये ठराविक काळापुरती किंवा ठराविक जागेपुरती वाजवी अट चालते. खरा धोका लॅपटॉपमध्ये आहे. त्याच २००६ मध्ये दिल्ली हायकोर्टात टायटस केस झाली, फर्म सोडलेल्या वकिलांनी नेलेला डेटा वापरायला कोर्टाने मनाई केली, डोक्यात जे आहे ते वापरून प्रॅक्टिस करायला मात्र हरकत नाही म्हणाले. म्हणजे प्रिसिडेंट्सचा (जुन्या नमुना ड्राफ्ट्सचा) फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायचा नाही. नव्याने लिहा, तसंही फर्मचं साठ पानी शेअरहोल्डर्स ॲग्रीमेंट या क्लायंटला नको असतं.

इनहाउसचा तिसरा रस्ता पण आहे, ठरलेला पगार मिळतो, वीकेंड बहुतेक आपला, पण पूर्णवेळ नोकरी म्हणजे सनद सस्पेंड करावी लागते. दोन-तीन वर्षं इनहाउस करून मग स्वतःचं काढलेले लोक मला सगळ्यात कमी गोंधळलेले दिसतात, कारण वकिलाचं बिल हातात आलं की कसं वाटतं ते त्यांनी बघितलेलं असतं.

माझा कौल विचाराल तर, मोठे आकडे आणि मोठी टीम यात मन रमत असेल, किंवा घरात एकच कमाई आणि ईएमआय तगडा असेल, तर राहा, त्यात कमीपणा नाही. फर्ममध्ये फक्त एका पार्टनरचा जाच असेल तर फर्म बदला, धंदा काढू नका. आणि छोट्या मालकांशी बोलायला आवडत असेल, दोन-तीन जण खरंच वाट बघत असतील, वर्षाचे पैसे बाजूला असतील, तर निघा. निघताना आधी पार्टनरला सांगा, क्लायंटला नंतर, कारण कॉन्फ्लिक्टमुळे किंवा फी परवडत नाही म्हणून फर्मने सोडलेलं काम पुढे कुणाकडे पाठवायचं हे पार्टनरच ठरवतो, आणि पहिल्या वर्षात तेवढ्यावर निम्मा महिना निघू शकतो.